उपटून बघणाऱ्या खरात मॅडम

खरात मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चहाला आधण येईपर्यंत त्यांनी आमची मेथी उपटली होती. खिडकीच्या ग्रिलमध्ये मी कुंडीत मेथी पेरली होती. माझ्या हातून आयुष्यात उगवलेली ती पहिलीच गोष्ट, त्यामुळे येईल त्या पाहुण्याला मी ती दाखवत असे. पाहुणे 'वा' म्हणून सोफ्यावर बसायचे. मॅडम म्हणाल्या, "वरून काय बघायचं? उपटून बघा." आणि मी तोंड उघडायच्या आत निम्मं पीक त्यांच्या मुठीत होतं.

मुळांची माती त्यांनी आमच्या पांढऱ्या टीपॉयवर झटकली, मोहरीएवढी एक गाठ नखाने फोडली, चष्मा कपाळावर सरकवून निरखली आणि निकाल दिला, "हिरवी. नुसती बसून खाणारी."

मॅडम मुलुंड पूर्वेला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. निवृत्त होईपर्यंत त्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या आणि झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या जीवाणूंवर संशोधन करत होत्या. शेंगवर्गातल्या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यात हे जीवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन झाडाला खत म्हणून पुरवतात आणि बदल्यात झाडाची साखर खातात. गाठ फोडल्यावर आतून गुलाबी निघाली, तर भाडेकरू कामसू. हिरवी निघाली, तर साखर चालू आणि काम बंद.

एवढं समजल्यावर मला मेथीपेक्षा स्वतःची काळजी वाटू लागली, कारण मॅडम माणसांनाही हेच माप लावतात. सोसायटीचे सेक्रेटरी ठक्करभाई हिरवे. कॉलेजचे प्राचार्य तर गर्द हिरवे. माझी बायको नीता गुलाबी. माझ्याबद्दल त्या नीताला एवढंच म्हणाल्या, "राणे स्वभावाने चांगले आहेत गं." काय ते मी समजलो.

बाजारात त्या मेथीची जुडी उलटी धरून घेतात. आमचा भाजीवाला एकदा न राहवून म्हणाला, "मॅडम, कभी पत्ता भी देख लिया करो." मॅडम म्हणाल्या, "पत्ता तो सब देखते हैं." तेव्हापासून तो त्यांना मुळं धुऊन दाखवतो आणि भाव दोन रुपये जास्त सांगतो.

सोसायटीच्या वृक्षारोपणाला तर बहार आली. नगरसेवक आले, नारळ फुटला, ठक्करभाईंनी रोपाला हात लावून दहा वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून घेतले. पाहुणे गाडीत बसत होते तेवढ्यात मॅडमनी रोप उपटलं. काळी प्लास्टिकची पिशवी मुळांना तशीच होती.

"पिशवीसकट पुरलंय ठक्करभाई. श्वास कुठून घेणार ते?"

"मॅडम, फोटो तो हो गया ना," ठक्करभाई शांतपणे म्हणाले.

मॅडमनी भर उन्हात फतकल मारली, पिशवी फाडली आणि रोप पुन्हा लावलं. आज ते दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलंय. त्याच्यावर पाटी ठक्करभाईंच्या नावाची आहे.

कॉलेजने त्यांच्या संशोधनाची कदर केली नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पाहणी समिती आली की सगळ्यात आधी मॅडमची प्रयोगशाळा दाखवायचे आणि समिती गेली की तिथला एसी काढून प्राचार्यांच्या केबिनला लावायचे. मॅडमना एसीचं दुःख नव्हतं. त्यांना राग यायचा तो आकड्यांशी लबाडी केल्याचा. एका विद्यार्थिनीने रोपाची उंची जराशी वाढवून लिहिली, तर तिचा वर्षभराचा प्रयोग रद्द. तिचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले. मॅडमनी एक पेढा खाल्ला, बॉक्स परत दिला आणि म्हणाल्या, "छान आहेत. जूनपासून नवीन कुंड्या भरायला सांगा तिला."

त्या निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेचं कौशल्य विकास केंद्र झालं, म्हणजे तिथे बंद पडलेले कॉम्प्युटर ठेवले. मॅडमनी आयुष्यभर जमवलेल्या जीवाणूंपैकी चांगले चांगले एका कृषी संस्थेने नेले. उरलेले प्रयोगशाळेतल्या मोठ्या कुकरमध्ये घालून मारायचे होते. त्यातली एकच काचेची नळी मॅडमनी पर्समधून घरी आणली आणि फ्रीजमध्ये ठेवली. अशा नळीतला जीवाणू अधूनमधून नव्या नळीतल्या ताज्या खाण्यावर हलवावा लागतो, नाहीतर तो उपाशी मरतो. आपण विरजण जपतो, तसंच.

मग कॅनडाहून त्यांच्या लेकीचे, ऋतुजाचे फोन सुरू झाले. तिला दिवस गेले होते आणि आई हवी होती. मॅडमनी आधी गुडघ्यांचं कारण सांगितलं, मग थंडीचं. ऋतुजाने शेवटी नीताला फोन केला. "काकू, आईला माझ्याकडे यायचंच नाहीये का? खरं सांगा." नीता तशीच समोरच्या दारात गेली. पेपर हातात घेऊन मी मागोमाग.

बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर मॅडम म्हणाल्या, "नळी कोण बघणार? बरोबर नेता येत नाही. तिकडे लोणच्यालासुद्धा हजार प्रश्न विचारतात."

"पोरगी तिकडे एकटी रडतेय आणि तुम्ही जंतूसाठी थांबताय?"

"जंतू नाही गं, जीवाणू."

"जो असेल तो. राणे बघतील त्याला."

राणे म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही. मॅडमनी मात्र आपण पपई पिकलीय का ते बघतो तसं माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅसवर माझी शिकवणी सुरू झाली. तार लाल होईपर्यंत तापवायची, निवू द्यायची, जुन्या नळीत टेकवायची, नव्या नळीत नागमोडी रेघ ओढायची, कापसाचं बूच लावायचं. मी पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं. वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "मॅडम, एवढं जपताय म्हणजे मोठा शोध असणार हा."

मॅडमनी गॅस बंद केला.

"काही कामाचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचा सगळ्यात हिरवा. खरातांचा आहे."

खरात म्हणजे त्यांचे यजमान. बँकेत होते, करोनाच्या आधी गेले. मॅडमच्या मागून मातीची पिशवी घेऊन चालणारे गृहस्थ, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

"गोराईला गेलो होतो, नवीन लग्न झालेलं. मी नमुने घेत होते आणि हे कंटाळून वाळूत बसलेले. तिथली एक रानटी शेंगवेल डब्यातल्या चमच्याने उकरून काढली आणि लहान मुलासारखे धावत आले. म्हणाले, सुनंदा, ही माझी. मी त्यातला जीवाणू वेगळा केला, कुंड्यांत घालून पाहिला. सगळी रोपं पिवळी पडली. आणि हे रोज ऑफिसातून आले की विचारायचे, माझा काय म्हणतो?"

"मग?"

"दुसऱ्या जीवाणूच्या कुंड्या दाखवल्या. हिरव्यागार. म्हटलं, हा बघा तुमचा." त्या तार पुसत राहिल्या. "बँकेत पेढे वाटले हो त्यांनी. आजारपणात नर्सलासुद्धा सांगायचे, माझा जीवाणू मिसेसच्या लॅबमध्ये पहिला नंबर आहे म्हणून. मग फेकणार कसा?"

नीता ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिने कारण नसताना नळ सोडला.

मॅडम कॅनडाला गेल्या. ठरल्या दिवशी मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तार तापवली. नेमकी दोन्ही नळ्यांची बुचं काढलेली असताना बेल वाजली. सिलिंडरवाला होता. परत येऊन मी बाकीचं अगदी शिकवल्याप्रमाणे केलं. आठवड्याने पाहिलं तर नव्या नळीत हिरवी मखमल. जुन्या नळीतही तीच. बुरशी ओळखायला डॉक्टरेट लागत नाही, आमच्या पावावर ती नेहमी येते.

त्याच सकाळी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. नात झाली होती. अभिनंदन वगैरे झाल्यावर त्यांनी विचारलं, "राणे, खरातांचं कसं आहे?"

खरं सांगायचं असं माझं ठरलं होतं. मी दोन्ही नळ्या मोबाइलसमोर धरल्या. "मॅडम, हे जरा..."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मागे बाळ कुरकुरत होतं.

"छान वाढलाय," मॅडम म्हणाल्या. "चांगला हात आहे तुमचा."

"अहो मॅडम, पण..."

"राणे, छान वाढलाय म्हटलं ना."

मग त्यांनी मोबाइल ऋतुजाकडे दिला आणि बाळाला उचलून घेतलं. ऋतुजा म्हणाली, "काका, आईला जरा समजवा ना, अजून दोन महिने थांब म्हणून."

मी काही बोलायच्या आत मागून मॅडमचा आवाज आला, "थांबते गं. तिकडे आता काय घाई आहे?"