अडेलच्या मापाची रायफल

पहिली रायफल विकत घेऊ नये, घडवावी, असे ओरिन हॉल्व्हर्सन यांचे ठाम मत होते, आणि विलो फोर्क गावात हे मत ज्याच्या कानावर पडले नाही असा माणूस एकतर ठार बहिरा असायला हवा होता, नाहीतर नुकताच पाळण्यात पडलेला. सारी नोकरी तंत्रविद्यालयात लेथ आणि मिलिंग शिकवण्यात गेल्यामुळे गाव त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांना कोणी बुटांविषयी सल्ला विचारला, तर ते पावलाच्या हाडांपासून सुरुवात करीत आणि प्रश्न विचारणारा अनवाणीच घरी जाई.

त्यामुळे ऑगस्टमधल्या एका संथ दुपारी शेजारच्या अडेल प्रुइट यांनी कुंपणावरून विचारले, "मास्तर, कोणती रायफल घेऊ?" तेव्हा मास्तरांनी हातातली झारी खाली ठेवली. अडेल गावच्या वाचनालयातून निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यापासून दर हिवाळा शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या शिकारीच्या मांसावर काढायचा, आणि वर सर्वांचे आभार मानत फिरायचे, याचा त्यांना वीट आला होता. शाळकरी मुलांच्या शेजारी बाकावर बसून त्यांनी शिकारीचे प्रशिक्षण घेतले होते आणि परवानाही काढला होता. यंदाचा एल्क, म्हणजे त्या खोऱ्यातले घोड्याएवढे हरीण, त्या स्वतः मारणार होत्या.

"बूट घेताना दुकानदाराच्या पायाचं माप देता का तुम्ही?" मास्तरांनी विचारले.

"नाही बाई."

"मग रायफल का तशी घ्यायची? दुकानातली रायफल सरासरी माणसाच्या मापाची असते. हा सरासरी माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि एक ध्यानात ठेवा, दुसऱ्याच्या मापाची बंदूक खांद्याला लावू नये. कधीही."

उरलेली दुपार त्यांनी लाकडाच्या रेषा, नळीचे तापणे आणि मानेची लांबी या विषयांना वाहिली. अडेल कुंपणाला टेकून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही घडवून देताय."

मास्तरांना हेच हवे होते, पण त्याचे कारण त्यांनी स्वतःपाशीही कधी स्पष्ट उच्चारले नव्हते. त्या खोऱ्यात एक रीत होती. ज्याच्या हातून माणसाला पहिली रायफल मिळते, मग ती विकलेली असो वा घडवलेली, त्यानेच हंगामाच्या पहिल्या सकाळी त्या माणसाशेजारी बसायचे. आणि अडेलच्या शेजारी बसण्याचे स्वप्न मास्तरांना गेल्या थंडीपासून पडत होते. स्वप्न नेहमी एकच. करडी पहाट, आवाज न करता पडणारा बर्फ, कुरणाच्या कडेला पिवळ्या पडलेल्या लार्च वृक्षांची रांग. जाड कोटात गुरफटलेली अडेल, तिच्या कपातून निघणारी वाफ. मग धुके हळूच फाटे आणि निष्पर्ण झाडच चालत यावे तशी शिंगे डोक्यावर घेऊन एल्कचा नर बाहेर येई. अडेल रायफल उचले, आणि नेम धरण्यापूर्वी एकदा मास्तरांकडे पाही. स्वप्न तिथेच संपे. गोळी कधी सुटलीच नाही, आणि मास्तरांची त्याविषयी काही तक्रारही नव्हती.

माप घ्यायला अडेल कार्यशाळेत आल्या तेव्हा त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा सुती झगा होता. मास्तरांनी कोपरापासून बोटापर्यंतचे अंतर, मानेचा कल, गालाच्या हाडाची उंची, सारे काही श्वास रोखून टिपले. विमानाचा पंख बसवतानाही माणूस इतका जपत नसेल.

नळी आणि चापाची यंत्रणा मात्र मर्लच्या बंदुकांच्या दुकानातूनच आणावी लागली, आणि कागदांसाठी अडेलही बरोबर आल्या. मास्तरांसारखाच मर्लही विधुर. त्याच्या मिशीला रोज कंगवा लागे, आणि त्याच्या दुकानातल्या कॉफीसाठी गावातल्या बायका उगाचच काडतुसांची चौकशी करायला येत.

"मास्तर, घडवणार तुम्ही, पण निम्मी रायफल माझ्याकडूनच चालली की," मर्ल अडेलच्या नावाचे कागद भरता भरता म्हणाला.

"नळ्या काय, कारखाने पाडतात. रायफलचा जीव खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्यात असतो."

"असू दे. पण चांदमारीच्या शनिवारपर्यंत तुमचा जीव तयार झाला नाही, तर?"

यावर अडेलच शांतपणे म्हणाल्या, "तर तुझ्या भिंतीवरची एक घेईन, मर्ल. या हिवाळ्यात मला कुणाचे आभार मानायचे नाहीयेत."

मर्लने मिशीवरून बोट फिरवले. ते बोट मास्तरांना महिनाभर डोळ्यांसमोर दिसत राहिले.

सप्टेंबर अक्रोडाच्या लाकडात गेला. रंधा चाले, सालींची भेंडोळी घोट्यापर्यंत साचत, आणि मास्तर कार्यशाळेत उभे असूनही कुरणाच्या कडेला जाऊन पोहोचलेले असत. स्टोव्हवरची किटली कोरडी होऊन कण्हू लागली की ते परत येत. तेल चोळून चोळून दस्ता असा झळाळला की त्यात पाहून दाढी करता आली असती. एकदा त्यांनी केलीही.

हंगाम उघडण्यापूर्वीच्या शनिवारी सारे खोरे आपापल्या रायफली तपासायला चांदमारीच्या मैदानावर जमते. त्या शनिवारी आदल्या रात्रीचा बर्फ सगळीकडे पडून होता. मास्तरांनी पिकअपच्या फळीवर लोकर अंथरून रायफल ठेवली. लोक टोप्या काढून पाहून गेले. मग अडेल आल्या. अंगात दोन स्वेटर, त्यावर दिवंगत नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट, त्यावर नियमाप्रमाणे नारिंगी जाकीट. लांबून पाहणाऱ्याला पेटलेली गवताची गंजी चालत येते आहे असेच वाटले असते.

त्यांनी रायफल उचलली. दस्त्याचे टोक काखेत अडकले. पुन्हा उचलली, पुन्हा अडकले. तिसऱ्यांदा कोटाने दस्त्याचे टोक असे गिळले की ते बाहेर काढायला मर्लला धावावे लागले.

मर्लने सभ्यपणे घसा साफ केला. "मास्तर, माप ऑगस्टात घेतलंत वाटतं."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर्षभर स्वप्नातली अडेल त्यांना जाड कोटातच दिसत आली होती. टेप मात्र त्यांनी उघड्या दंडाला लावली होती. स्वप्नाचे बरोबर होते, चुकले होते ते जागेपणीचे.

"मी कोट काढते ना," अडेल म्हणाल्या.

"गारठून जाल." मास्तरांनी पिकअपमधून बारीक दातांची करवत काढली. "मर्ल, धर हे."

मर्ल मनाने वाईट नव्हता, त्याने दस्ता धरला. करवतीचा प्रत्येक दात मास्तरांच्या काळजावरून गेला. पण पद्धत ती पद्धत. कोटासाठी इतके, स्वेटरांसाठी इतके, मफलरसाठी थोडे, आणि थंडी जानेवारीसारखी पडलीच तर आणखी थोडे, असा सारा विचार करून त्यांनी लाकडाचा एक चांगला जाड काप उतरवला आणि टोकाला रबर पुन्हा बसवले. अडेलने रायफल उचलली, आणि निजलेले बाळ आईच्या खांद्यावर विसावते तशी ती जागच्या जागी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पहिली गोळी. नव्या घडणीची पहिली गोळी घडवणाऱ्यानेच झाडावी, हा मास्तरांचा जुना दंडक. ते उंच, हात लांब, मान त्याहून लांब, आणि अंगात साधा सदरा नि पातळ जाकीट. बुटकी रायफल त्यांच्या खांद्याला लागली तेव्हा शाळेच्या बाकावर मुख्याध्यापक बसल्यासारखे दिसले.

"मास्तर, रायफलीवरची दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ आलीय," मर्ल म्हणाला.

"मला शिकवतोस?"

दुर्बिणीतून निशाणाच्या पलीकडचे कुरण दिसत होते. कुरणावर धुके होते. धुक्याच्या कडेला लार्चची पिवळी रांग. मास्तर पाहतच राहिले. धुके जरासे हलले, आता ते फाटेल, आता शिंगे दिसतील, आता ती वळून पाहील, आणि बोट आपोआप चापावर दाबले गेले.

रायफल मागे आली आणि दुर्बिणीच्या कडेने त्यांच्या उजव्या भुवईवर शिक्का मारला. गोळी निशाणाच्या बरोबर मधोमध लागली होती. ते कोणी पाहिले नाही, कारण सर्वजण मास्तरांच्या भुवईवर उमटलेली तांबडी अर्धचंद्रकोर पाहत होते. खोऱ्यातले शेंबडे पोरही ही कोर ओळखते. आयुष्यात प्रथमच बंदूक हाती घेणाऱ्याची ती खूण.

भुवईला रुमाल दाबून मास्तर खाली बसले, पण अडेलने गोळी झाडल्याशिवाय दवाखान्यात यायला त्यांनी साफ नकार दिला. अडेलने झाडली. रायफल त्यांच्याशी एखाद्या सुशील मुलीसारखी वागली.

"तयार आहे रायफल," मर्लने मान्य केले. "पहिल्या सकाळी तुम्हीच बसा मास्तर. फक्त झाडाला धरून बसा."

टाके घालणारी परिचारिका नवीन होती. तिने जखम पाहिली आणि प्रेमळपणे विचारले, "पहिलीच बंदूक का हो, आजोबा?" कोपऱ्यातल्या खुर्चीवर अडेलने नारिंगी जाकिटाच्या कॉलरमध्ये तोंड लपवले, पण खांदे हलत होते.

हंगामाच्या पहिल्या पहाटे बर्फ आवाज न करता पडत होता. लार्च जागच्या जागी होते. उजवा डोळा सुजून मिटलेला, म्हणून मास्तर अडेलच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे डाव्या डोळ्याला त्या दिसतील. कपातून वाफ निघत होती. मास्तरांनी कुजबुजत श्वासाविषयी सुरुवात केली, मग बोटाविषयी, मग वाऱ्याविषयी.

"ओरिन," अडेल म्हणाल्या, "आता गप्प बसा."

त्यांनी मास्तरांना नावाने हाक मारण्याची ती पहिलीच वेळ. मास्तर गप्प बसले. परिचारिकेने दुखण्यावर दिलेल्या गोळ्यांची ऊब अंगात पसरत होती. धुके हळूच फाटले. शिंगे दिसली. अडेलने नेम धरण्यापूर्वी त्यांच्याकडे वळून पाहिले...

मास्तरांना जाग आली तेव्हा कुरणावर लख्ख ऊन होते. अडेल समोर पाहत बसल्या होत्या, रायफल मांडीवर आडवी.

"आला नाही वाटतं," मास्तर ओशाळून म्हणाले.

"आला होता. त्या बुंध्यापर्यंत. बराच वेळ उभा होता, अगदी ऐटीत."

"मग मारला का नाही? दस्ता पुन्हा अडकला?"

"दस्त्याला काही झालं नाही. रायफल उचलायला गेले, तर खांद्यावर आधीच तुमचं डोकं होतं."

कोट, स्वेटर, मफलर, जानेवारी, साऱ्यांची जागा मास्तरांनी धरली होती. स्वतःच्या डोक्याची तेवढी धरायची राहून गेली होती.

"उद्या पुन्हा येऊ," अडेलने त्यांच्या कपात कॉफी ओतली. "फक्त उद्या डाव्या हाताला बसा."

मास्तरांनी मान डोलावली, आणि सवयीप्रमाणे, चांगल्या डोळ्याने त्यांच्या डाव्या खांद्याचे माप घेतले. कोटासकट.