ओरखड्यांचे अप्पा

गाडीवरचा ओरखडा कसा पडला हे खरं सांगितल्याशिवाय मन्मथअप्पा त्या गाडीला हात लावत नसत. मग गाडी मोठ्या साहेबांची असो की उदगीरच्या शेटजींची. "आधी खरं सांगा. मंग बगू," एवढं म्हणायचे आणि बाजेवर जाऊन बसायचे. तुम्ही खरं सांगेपर्यंत ते पान जुळवत बसत, आणि पान जुळवायला त्यांना कितीही वेळ लागायचा.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालेलं. रोज एक नवं ऑफिस उघडायचं, प्रत्येक ऑफिसाला एक साहेब आणि प्रत्येक साहेबाला एक पांढरी अंबॅसडर. गाव मात्र होतं तेवढंच राहिलं. गोलाईच्या बाजारातले हातगाडे तेच, बैलगाड्या त्याच, गल्ल्याही तेवढ्याच. सकाळी कोरी करकरीत निघालेली गाडी संध्याकाळी अंगावर चार रेघा घेऊन परत यायची. त्या रेघा घालवणारा माणूस गावात एकच. औसा रोडला अप्पांचं पत्र्याचं शेड होतं, शेडमागं एक खोली, आणि खोलीत अप्पा एकटे. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि बोटं पॉलिशच्या कंपाउंडानं कायम पांढरी. जन्म उदगीरच्या आडतीच्या घरातला. भाऊ गादीवर बसले, हे रंगात रमले. भावांनी त्यांचा नाद सोडून दिला होता.

मी एका ऑफिसात ड्रायव्हर होतो. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. मूळचा मी हिमायतनगरचा, लातूरला रोजंदारीवर लागलेलो. पहिल्या दिवशी शेडात शिरताना सवयीनं "जयभीम अप्पा" म्हणालो, ते लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार म्हणून "शरणार्थी" म्हणाले. पुढं वीस वर्षं आमचं तसंच चाललं. मी वयानं त्यांच्यापेक्षा बराच लहान, पण मला ते कायम ड्रायव्हरसाब म्हणायचे.

खोटं त्यांना का चालत नव्हतं, ते मी एकदा विचारलं.

"डागदर इचारतो का न्हाई, काय खाल्लतं म्हणून? तुम्ही खाल्ली भजी आन सांगितली पेज, मंग दवा कसली देईल तेनं? काट्याचा ओरखडा येगळा, किल्लीचा येगळा. लोखंडाचा असंल तर आत गंज बसतो. मला म्हायती नगं?"

आता हे कारण मला तरी पटण्यासारखं नव्हतं, कारण ओरखडा कशाचा आहे हे त्यांना आधीच कळलेलं असायचं. डोळा गाडीला लावून ते आडवे बघायचे, नख फिरवायचे, की झालं. एका इंजिनियरानं सांगितलं, म्हशीनं शिंग घासलं. अप्पा म्हणाले, "म्हैस लई शिकलेली दिसती. चावीनं हँडलापासून बत्तीपस्तोर सरळ रेघ वढली."  इंजिनियरच्या घरी काहीतरी वाजलं होतं आणि चावी बाईसाहेबांच्या हातात होती. एक वकीलसाहेब आले, त्यांनी तासभर युक्तिवाद केला की ओरखडा गाडी घेतल्यापासूनच आहे. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडीसकट वापस लावून दिलं. चौथ्या दिवशी वकीलसाहेब मुकाट आले, बाजेच्या कोपऱ्यावर टेकले आणि कबूल झाले. खुद्द आमच्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. साहेब रविवारी चोरून गाडी चालवायला शिकत होते आणि बंगल्याच्या फाटकाला धडकले होते. ते सांगताना त्यांनी मला पान आणायला पाठवलं, पण पानाचं दुकान समोरच होतं, मला सगळं ऐकू आलं.

सांगून झालं की माणूस हलका व्हायचा, हे मात्र खरं. ओरखड्यावरून गोष्ट सासऱ्यावर जायची, सासऱ्यावरून बदलीवर. अप्पा गाडी घासत घासत "हाव, हाव" करायचे. स्वतःचं मात्र कधी काही बोलायचे नाहीत. लग्न झालंय का, हेही आम्हा ड्रायव्हर लोकांना ठाऊक नव्हतं.

मग पाऊस रुसला. सलग दुसरं साल कोरडं गेलं आणि लातूरच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना. रंगाच्या धंद्याला पाणी लागतं. पाणी पेपर म्हणून एक काळा कागद असतो, तो ओला करूनच घासावा लागतो, नाहीतर रंगावर आणखी रेघा उठतात. अप्पा एक बादली महिनाभर पुरवायचे. फडक्यातून गाळायचे, निवळू द्यायचे आणि परत तेच. शेवटी त्या पाण्याचा रंग आमच्या ऑफिसातल्या चहासारखा झाला. शेवटचा हात फिरवताना ओल लागली, तर ते गाडीच्या अगदी जवळ तोंड नेऊन हा करून वाफ सोडायचे आणि मलमलीनं पुसायचे. अख्खं बॉनेट मी त्यांना तोंडाच्या वाफेवर चमकवताना पाहिलंय.

माझ्या घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. खोली भाड्याची, गल्लीच्या टोकाची, टँकर तिथवर येईस्तोवर रिकामा. औशाच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी होतं, भला माणूस, कुणाला नाही म्हणत नव्हता. साहेब सकाळी मीटिंगला बसले की मी गाडी काढायचो, डिकीत दोन घागरी दोरीनं आवळायचो आणि घरी टाकून वापस. चूक होती, मला माहीत होतं. सगळा जिल्हा हंडे घेऊन रांगेत उभा असताना साहेबांची सरकारी गाडी ड्रायव्हरच्या घरी पाणी वाहते, हे बाहेर पडलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि पुढच्या महिन्यात मी कायम होणार होतो. सहा वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होतो.

एका सकाळी घरासमोर भरलेली घागर उतरवताना हात निसटला. घागरीची कड मागच्या दाराला घासत गेली, वीतभर. पांढऱ्या रंगात पिवळी रेघ.

दुसरी घागर घरात ठेवून मी तडक अप्पांकडं गेलो. वाटेत ठरवून ठेवलं होतं.

"बाभळीचा काटा लागला, अप्पा."

अप्पांनी नख फिरवलं. "बाभळीला पितळ कधीपासून यायलं?"

"नाही म्हणजे, एक बाई चालली होती—"

"ड्रायव्हरसाब." ते बाजेवर जाऊन बसले आणि पानाचा डबा उघडला.

मी सगळं सांगितलं. विहीर, घागरी, मुलगी, कायम होण्याचा कागद. सांगताना माझा आवाज चिरकला, त्याची आजही लाज वाटते.  अप्पा उठले, गाडीच्या दाराशी उकिडवे बसले. "घागर केवढी होती?" विचारलं. मी हातानं दाखवली. "वरची कड लागली का पोट?" कड, म्हणालो. "बरं. गाडी ऱ्हाऊ द्या हितं."

ऑफिसात पोचलो तर साहेब मीटिंगमधून उठलेले. शिपायानं कान भरलेच होते, ड्रायव्हर गाडीतून पाणी नेतो म्हणून. साहेब रागावले की बोलत नसत. "गाडी कुठाय?" एवढंच. मी म्हणालो, अप्पांकडं, जरा ओरखडा पडलाय. "चल," म्हणाले आणि उन्हातून चालतच निघाले. मी मागून. कायम होण्याचं तर सोडाच, आजची हजेरी लागेल की नाही एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

साहेबांनी वाकून रेघ पाहिली. त्यांनाही पिवळं दिसलं.

"हे घागरीचं आहे. कसं झालं, अप्पा?"

मी जमिनीकडं बघितलं. अप्पा कुणासाठी खोटं बोलत नाहीत हे साऱ्या लातूरला माहीत. साहेबांना तर स्वतःच्या अनुभवानं माहीत.

"माझ्या घागरीचं हाय, साहेब," अप्पा म्हणाले. "सकाळी ह्यांनी गाडी पॉलिशला लावली. मी घागर घेऊन चाललोतो. पाय अडकला. कड लागली. ह्यांचं काही न्हाई त्यात."

खोटं बोलायची सवय नाही म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं आणि ते शाळेत कविता म्हणावी तसे सरळ समोर बघून बोलत होते.

"तुमच्याकडं पितळेची घागर आहे?" साहेबांनी विचारलं. एकट्या माणसाच्या शेडात प्लास्टिकचा डबा आणि ती बादली, दुसरं काही कुणी पाहिलेलं नव्हतं.

अप्पा खोलीत गेले आणि घागर घेऊन आले. मी अशी घागर पाहिली नव्हती. आरशासारखी, कुठं पोचा नाही, डाग नाही. फक्त कडेपासून पोटापर्यंत एक ताजा ओरखडा, आणि त्यात आमच्या गाडीचा पांढरा रंग भरलेला.

साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. मग माझ्याकडं बघितलं. "शिपाई काहीही बोलतो," म्हणाले. "पाच वाजता गाडी आण." आणि निघून गेले.

चारला मी गेलो तेव्हा दार पूर्वीसारखं झालं होतं. रेघ कुठं होती, ते शोधूनही सापडेना. अप्पा खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते, घागर मांडीवर. सकाळी मी गाडी ठेवून निघाल्यावर त्यांनी ती त्याच रेघेवरून मुद्दाम ओढली होती, जोर लावून. हे त्यांनी सांगितलं नाही, पण दुसरं काय असणार.

जवळ बसलो तेव्हा घागरीवर नाव दिसलं. लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं, टिंबाटिंबांचं. सौ. महानंदाबाई भ्र. मन्मथअप्पा. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा.

"अप्पा, तुमचं लग्न झालंय?"

"न्हाई." घागरीची कड पुसत म्हणाले, "ठरलतं. शिरूर अनंतपाळकडची पोरगी. घागर घेतली, नाव बी घालून ठिवलं. आन बहात्तरचा दुष्काळ आला. तिचा बाप म्हणला, पाऊस पडू द्या, मंग करू. ते लोक हैद्राबादकडं गेले कामाला. पाऊस तर पुढच्या साली झाला. ते काही वापस आले न्हाईत."

"आणि ती?"

"हाय की तिकडं. लेकरंबाळं हायत म्हणतेत. येगळं नाव हाय आता तिचं." त्यांनी अंगठा त्या टिंबांवरून फिरवला. "हे नाव कुणाचंच न्हाई. ह्या घागरीवर हाय तेवढंच."

ओरखडा बरोबर महानंदाबाई या नावाच्या मधून गेला होता.  काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अप्पा, घासून काढा की. तुमच्या हाताला किती वेळ लागतोय?"

"ओरखडा निघत नसतो, ड्रायव्हरसाब," ते म्हणाले. "लोकायला वाटतं मी ओरखडा काढतो. मी तेच्या आजूबाजूचं समदं घासून तेच्या बराबर खाली आणतो. मंग दिसत न्हाई, इतकंच." त्यांनी घागर माझ्याकडं वळवली. "हितं घासलं तर नाव जाईल."

"माझ्यामुळं झालं हे."

"घरी पाणी गेलं का आज?"

"गेलं. एक घागर सांडली, एक पोचली."

"लेकरू पिलं?"

"पिलं."

"इतकी वर्षं झाली, ही कधी पाण्याला लागली न्हाई," अप्पा म्हणाले. "आज लागली म्हणायची."

त्यांनी ती मलमलीत गुंडाळली आणि आत नेली.  पाच वाजत आले होते, साहेबांना गाडी हवी होती, म्हणून उठलो आणि गाडी काढली.