हात मोकळे पायजेत

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक मोबाईल आधी हातात घेतं. बिरूतात्या मात्र तो काउंटरवरच्या पाण्याच्या तांब्याला टेकवायचे, पार दारापर्यंत मागं सरकायचे आणि दोन्ही हात हवेत नाचवायला लागायचे. जळकोटच्या हायवेवरची माणसं थांबून बघायची. म्हाताऱ्याच्या अंगात आलंय, असंच वाटायचं कुणालाही.

टॅब घ्यावा का मोबाईल, यावर सगळा आठवडा त्यांनी माझं डोकं खाल्लं. मी कॅमेरा सांगितला, बॅटरी सांगितली, तरी तात्यांचं आपलं एकच: "हात मोकळे पायजेत."

कारण तसंच होतं. त्यांची थोरली बहीण सखूआक्का जन्मापासून बहिरी. लहानपणी शेळ्यांमागं फिरताना दोघांनी हातांच्या खुणांची एक भाषा केलेली, ती तिसऱ्या कुणाला येत नाही. आता उपचारासाठी आक्काला हैदराबादला दोघांच्या एका भाचीकडं राहायचं होतं. परत कधी, ते डॉक्टरलाही सांगता येईना. भाचीला खुणा कळत नाहीत. म्हणजे तिथं आक्काशी बोलणारं कुणीच नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर एकमेकांचे हात दिसतील असं काहीतरी तिच्याबरोबर द्यायचं होतं.

तरी त्या दुपारी मी वैतागलोच. गाडीची वेळ झालेली, आक्का न्यायला आलेल्या भाचीबरोबर बाहेर बोचकं घेऊन बसलेली, आणि तात्यांचे हात चालूच! शेवटी टॅब ठरला. पडदा मोठा, हात कोपरापर्यंत दिसतात. सिमकार्ड घालता घालता मी बोलून गेलो, "तात्या, हा थरथरत नाही हां. नुसता वाजतो."

तात्यांचा चेहरा उतरला. "मग म्या फोन केल्यालं तिला कळंल कसं?"

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टर घाई करायला लागला. मी धडपडत सिम मोबाईलमध्ये घातलं. तात्यांनी तो आक्काच्या कमरेच्या पिशवीत सारला आणि आपल्या फोनवरनं रिंग दिली. आक्का दचकली, कमरेवर हात ठेवला आणि बोळकं पसरून हसली. हात बारीक दिसले तर दिसू देत, असं म्हणत तात्यांनी तिला गाडीत चढवलं.

गाडी गेली तरी तात्या दुकानातनं हलेनात. मग आपला फोन पुढं करून त्याचा आवाज कायमचा बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, तुम्हाला तर चांगलं ऐकू येतं की.

"तिला जसं कळंल, तसंच मला कळू दे."

फोन छातीवरच्या खिशात घालून, त्यावर हात धरून ते हायवेकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं खिसा थरथरला. तात्यांनी फोन तांब्याला टेकवला. पडद्यावर आक्का होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. मोबाईल भाचीनं धरला असणार.

तात्या दारापर्यंत मागं सरकले. आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी जरा बाहेर थांबायला सांगितलं.