कलम सात: बासरी

ऑफिसात त्यांना सगळे शेरेबहाद्दर म्हणत. कुणाचाही अर्ज टेबलावर येवो, 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा' असा शेरा मारून तो परत पाठवल्याशिवाय त्यांना दुपारचं जेवण जात नसे. (एकदा तर त्यांनी स्वतःचाच रजेचा अर्ज परत पाठवला. सही तारखेच्या खाली होती, वर हवी होती.)

असे हे गृहस्थ नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी संकल्प लिहायला बसले. खरं सांगायचं तर संकल्प एकच होता: बासरी शिकायची. शाळेपासूनची हौस. बासरी आणून कपाटात स्वेटरांखाली दडवूनही झाली होती. पण घरात सांगायची छाती होईना. मागे एकदा ते अंघोळ करताना गायले, तर लेक धावत आली होती, "बाबा, पडलात का?"

मग त्यांनी ऑफिसातली युक्ती काढली. अडचणीचं कलम चांगल्या कलमांच्या गर्दीत घुसवायचं! पहाटे पाचला उठणे, ओला टॉवेल पलंगावर न टाकणे, घोरणे कमी करणे अशी दहा कलमं झाली, आणि मधेच सातव्या नंबरावर, मुंगीएवढ्या अक्षरात, 'रोज एक तास बासरी'. खाली 'मंजुरीसाठी सादर' लिहून कागद बायकोपुढे ठेवला.

बायको घरीच शिवणकाम करायची. तिने मशीन थांबवलं.

"घोरणं कमी करणार म्हणजे कसं?"

"प्रयत्नपूर्वक."

"आणि हे सातवं काय आहे? दिसतच नाही."

"ते किरकोळ आहे गं. तू सही कर."

"किरकोळ आहे ना? मग खोडते."

"खोडू नकोस!" ते असे काही ओरडले की लेक अभ्यास टाकून बाहेर आली. झालं, पितळ उघडं पडलं. मायलेकींनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, कोपऱ्यात जाऊन कुजबुज केली, आणि कागद परत आला तो शेरा घेऊनच: 'कलम सात सोडून सर्व मंजूर. कलम सातसाठी, बाकीची कलमे सलग तीन महिने पाळल्याचा पुरावा जोडून फेरसादर करावे.'

शेरेबहाद्दर गार पडले. शेऱ्यात काढायला चूक नव्हती.

"कुठे शिकलीस हे?"

"वीस वर्षं तुमच्याशी संसार केलाय," बायको म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

तीन दिवस ते पाचला उठले. चौथ्या दिवशी ओला टॉवेल पलंगावर सापडला. लेकीने तारीख-वेळेसह नोंद घेतली. (रक्त शेवटी बापाचंच.) म्हणजे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून! त्यांना खरंच वाईट वाटलं. पन्नाशी आली, आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही मिळू नये?

रविवारी मायलेकी बटणं आणायला बाहेर पडल्या, तसे ते बासरी घेऊन बाथरूममध्ये शिरले. आधी अर्धा तास नुसती फूं फूं. मग एकदम सूर लागला! लांबलचक, थरथरता, पण सूर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाजवतच सुटले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पाना घेतलेला प्लंबर, आणि त्याच्या मागे पिशवी सावरत बायको आणि लेक.

"खालच्या काकूंनी पाठवलंय," प्लंबर म्हणाला. "तुमचा पाइप मघापासून शिट्टी मारतोय म्हणे."

बायकोने त्यांच्या पाठीमागे लपवलेल्या हाताकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. "अहो, आत जाऊन नळ सोडा ना. त्यांना ऐकू द्या."

करतात काय! शेरेबहाद्दर आत गेले, कडी लावली आणि वाजवलं. प्लंबरने दाराला कान लावला.

"हवा अडकलीय," तो गंभीरपणे म्हणाला. "पण आवाज वाईट नाही हं."

बायको भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. प्लंबर गेल्यावर तिने संकल्पांचा कागद काढला, कलम सातपुढे 'खास बाब म्हणून मंजूर' लिहिलं, तारीख घातली, सही ठोकली आणि म्हणाली, "घ्या. वाजवा रोज."

शेरेबहाद्दरांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी कागद हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, सही तारखेच्या खाली आलीय. वर हवी."

"हो की," बायको म्हणाली. तिने कागद परत घेतला, नीट घडी घातली आणि मशीनच्या खणात टाकला. "पुढच्या वर्षी फेरसादर करते."