दोडका सोडलेला माणूस

आमच्या गल्लीत कचरागाडी सकाळी सातला येते. गेली तीन वर्षं तिला आमच्या घरचा ओला कचरा मिळालेला नाही, कारण पावणेसातलाच शेजारचे परशरामअण्णा आमच्या फाटकाशी हजर असतात. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात झाकणाचा स्टीलचा डबा, आणि चेहरा असा की लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेत.

"तंगी, काल केळी आणलेलीस की. सालं कुठायत?"

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मी हायस्कुलात गणित शिकवते आणि वर्गात माझा बऱ्यापैकी दरारा आहे. पण सकाळी सकाळी केळ्याची सालं हातात घेऊन उभं राहिलं की दरारा वगैरे काही उरत नाही. अण्णा पिशवी तळहातावर तोलतात. अमरगोळच्या मार्केट यार्डात काट्यावर त्यांनी तीस वर्षं काढलीत, त्यामुळे नुसता हात लावून वजन सांगतात. "तीनशे चाळीस. एक केळं कुणीतरी बाहेर खाल्लंय." चौकशी केली की कळतं, आमच्या ह्यांनी एक केळं बसस्टॉपवर खाल्लेलं असतं.

या सालांचं अण्णा काय करतात? मटण करतात.

थट्टा नाही करत मी. केळ्याची सालं, फ्लॉवरचे दांडे, मटारच्या शेंगांची टरफलं, कलिंगडाचा पांढरा भाग, फणसाचे गरे काढल्यावर राहतो तो सगळा चिवट पसारा, हे सगळं अण्णांच्या घरी जातं आणि तिथं त्याचं मटण होतं. म्हणजे व्हावं, अशी त्यांची इच्छा असते. सालं आतून खरवडून हळदीच्या पाण्यात उकडायची, काट्यानं त्यांचे धागे काढायचे, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर मसाला. उणकल तळ्यामागच्या आमच्या नव्या लेआउटमध्ये रविवारी सकाळी जो वास सुटतो, त्यानं गल्लीतली कुत्री अण्णांच्या दाराशी येतात, आणि जरा वेळानं मान खाली घालून परत जातात.

मी एकदा सुचवलं, "अण्णा, सोयाबीनच्या वड्या मिळतात की दुकानात. एवढा उपद्व्याप कशाला?"

"तो स्पंज आहे," अण्णा म्हणाले. "भांडी घासायला बरा."

टाकून दिलेल्या वस्तूंवर त्यांचा भारी विश्वास. "टाकायचं नाही, टाकायचं नाही," हे तर दिवसातून वीस वेळा. यार्डात ढिगांनी टाकलेली भाजी तीस वर्षं बघितली, आणि बघून बघून त्यांचं मत झालं की भाजीचा खरा जोर, चिवटपणा, आपण फेकतो त्यातच असतो. मऊ मऊ तेवढं आपण खातो आणि मग दात दुखले म्हणून रडतो.

बरं, नुसतं मांस करून भागत नाही. मटणात नळी हवी. नळी चोखल्याशिवाय कसलं मटण? म्हणून अण्णांनी भोपळ्याचे पोकळ देठ आणले, त्यांत वाटलेलं खोबरं ठासून भरलं आणि रश्श्यात सोडले. मला ताटात तीन नळ्या वाढल्या. मी चोखली. भोपळ्याच्या देठावर बारीक काटेरी लव असते, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस जिभेवरून हात फिरवत मी वर्गात समीकरणं शिकवली.

आता मी यात कशी सापडले ते सांगते. अण्णांना चव बघायला माणूस हवा होता. गल्लीत मटण खाणारं घर आमचंच, आणि आमचे हे पहिल्याच घासाला "शाळेतून फोन येतोय" म्हणून उठले. शाळेत मी नोकरी करते, ते नाही. तेव्हापासून परीक्षक मी एकटीच. दर रविवारी अकराला वाटी येते, अण्णा समोर स्टुलावर बसतात आणि माझ्या जबड्याकडे बघत राहतात.

"तिंदु नोडु," म्हणतात. खाऊन बघ. आणि मग, "मटणासारखं झालंय का? खरं सांगायचं, हं. मला लागणार नाही."

लागतं. एकदा मी खरं सांगितलं की हे भिजलेल्या सुतळीसारखं लागतंय, तर चार दिवस सालं न्यायला आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि पिशवी तोलत म्हणाले, "सुतळी नाही. काथ्या म्हण हवं तर."

मी त्यांना विचारलंही, "अण्णा, तुम्ही स्वतः मटण खाणारे. मग मला कशाला विचारता?"

"माझी जीभ जुनी झाली," एवढंच म्हणून ते उठले. मीही फार खोदलं नाही.

हे सगळं चाललंय कुणासाठी, ते मात्र त्यांनी कधी लपवलं नाही. सुमक्कांसाठी. सुमक्का म्हणजे त्यांची बायको. दोघंही अळणावरकडच्या एकाच गावची. सुमक्कांचं मटणाचं प्रेम त्यांच्या माहेरी अजून सांगतात. दुकानात जाऊन खाटकाला, "हा तुकडा नको, त्याच्या शेजारचा दे," असं सांगणारी बाई. जत्रेला त्यांच्या ताटाशेजारी हाडांचा ढीग बघून नवी पाव्हणी माणसं दबकायची.

आठ वर्षांपूर्वी अण्णांच्या छातीत कळ आली. हुबळीतल्या एका इस्पितळात आठवडाभर होते. सुमक्का बोलल्या, हे उठून घरी आले तर काशीला जाऊ. उठले, गेले. काशीला आवडती एक गोष्ट कायमची सोडून यायची असते. आता खरं सांगायचं तर लोक तिथं काय सोडतात? कारलं सोडतात. आमच्या सासूबाई पडवळ सोडून आल्या. अण्णांनी दोडका सोडला. दोडका या माणसानं जन्मात खाल्लेला नव्हता. सुटलो एकदाचा, म्हणून ते हसत मागं वळले, तर शेजारी सुमक्का ओंजळीतलं पाणी सोडत होत्या आणि तोंडानं म्हणत होत्या, "मटण."

अण्णा सांगतात, छातीत कळ आली तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी सुमक्कांनी मटण केलं. "मी सोडलंय, तुम्ही नाही. तुम्ही खायचं. तुम्ही खावं म्हणून तर सोडलं." अण्णांना वाढलं आणि स्वतः दही-भाकरी घेऊन व्हरांड्यात जाऊन बसल्या. वास आला की मन चळतं, म्हणून लांब. चाळीस वर्षं दोघं रविवारी एका ताटात जेवायची. मोठं पितळी ताट आहे त्यांच्याकडे. ते त्या दिवशी भिंतीला टेकलं ते टेकलंच.

तीनचार रविवार गेले. मग अण्णा म्हणाले, घरात नको करूस, तुला त्रास होतो, मी आपला बाहेर खाऊन येतो. तेव्हापासून नेम ठरला. रविवारी साडेबाराला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसनं कोप्पीकर रोडला जाणार, तिथल्या खानावळीत मटण हाणणार, आणि अडीचला दात कोरत परत येणार. सुमक्का दारातच विचारणार, "कसं होतं?" आणि अण्णा म्हणणार, "आज जरा निबर होतं." इकडे बाई एकटी व्हरांड्यात भाकरी मोडतेय आणि हा माणूस दात कोरतोय. मला भारी राग यायचा. सालांचं मटण करून बायकोला खाऊ घालायचा ध्यास आहे म्हणता, मग एक रविवार तोंड आवरत नाही होय?

सुमक्का आपल्या शांत. वाटीतलं ते मटण त्या चाखत नसत. अण्णांनी फार आग्रह केला की म्हणायच्या, "आधी मटणासारखं होऊ दे की. मग बघू." मला वाटतं, त्यांना खात्री होती की हे या जन्मी होणार नाही.

यंदा एप्रिलमधली गोष्ट. रविवारी मी पडद्यांचं कापड घ्यायला कोप्पीकर रोडला गेले होते. ऊन रणरणत होतं, घसा सुकला म्हणून एका उडुपी हॉटेलात शिरले. कोपऱ्यातल्या टेबलाशी इस्त्रीचा शर्ट. अण्णा दही-भात खात होते. एकटेच, खाली मान घालून, अगदी सावकाश. मी खांबाआड उभी राहिले. जेवण झालं, हात धुतले, काउंटरवर आले, डबीतली दात कोरायची एक काडी घेतली, तोंडात धरली आणि बसकडे निघाले.

मी सरबत न पिताच बाहेर आले. आठ वर्षं, दर रविवारी. काशीला दोडका सोडला आणि मटण सोडलं ते इथं, आणि कुणाला सांगितलंही नाही. चव मला का विचारतात, तेही कळलं. त्यांना आठवतच नव्हती. तीन वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते आठवून फार वाईट वाटलं.

सुट्टी लागल्यावर मी कुरडया केल्या. गहू तीन दिवस भिजवून वाटले, चीक काढला, आणि खाली राहिलेला चोथा गाईला घालायला ठेवला. पावणेसातला अण्णांनी तो पाहिला. हातात घेतला, ओढून बघितला. रबरासारखा ताणला. अण्णांनी वजनसुद्धा सांगितलं नाही. गुपचूप डबा भरला आणि जवळजवळ पळत घरी गेले.

त्या रविवारी वाटी आली नाही. मलाच बोलावलं. चोथा धुऊन धुऊन त्यात फणसाचे धागे मळले होते, फडक्यात बांधून उकडलं होतं, तुकडे करून तेलावर परतलं होतं. मी तोंडात टाकलं. दाताखाली आलं, जरा ओढ देऊन तुटलं, आतून रस्सा आला. मी काही बोलायच्या आत अण्णांना माझ्या जबड्यावरून कळलं.

"अण्णा," मी म्हटलं, "झालं."

त्यांनी भिंतीला टेकलेलं पितळी ताट काढलं. धुतलं, पुसलं, भाकऱ्या मांडल्या, मधोमध वाटी ठेवली आणि सुमक्कांना हात धरून आणून बसवलं. सुमक्कांनी घास मोडला, रश्श्यात बुडवला, ओठांपर्यंत नेला. आणि थांबल्या. वास घेतला. डोळे भरून आले. घास परत ताटात ठेवला.

"हे तर मी सोडलंय," म्हणाल्या.

"अगं, सालं आहेत ती. फणस आहे. तंगीच्या कुरडयांचा चोथा आहे."

"असू दे. चव तीच आहे. चव घेतली म्हणजे मोडलंच की. तुमच्या जिवासाठी बोललेय मी. आता खाल्लं आणि तुम्हाला काही झालं तर मी कुठं बघू?"

झालं. तीन वर्षं आम्ही राबलो ते हे ऐकायला. जमेना तोवर त्या खाणार नव्हत्या आणि जमलं म्हणून खाता येत नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट आम्हां दोघांच्या डोक्यात आली नव्हती. अण्णा सवयीनं उठले आणि खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढून त्यात हात घालू लागले. साडेबारा वाजले होते.

तेव्हा माझा ताबा सुटला. "सुमक्का, विचारा यांना कुठं चाललेत. मटण खायला नाही जात हे. मी बघितलंय. आठ वर्षं दही-भात खाऊन येतात."

हात एका बाहीत तसाच राहिला. सुमक्का त्यांच्याकडे वळल्या.

"मग दात कशाला कोरत येता?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "डाळिंबाचे दाणे घालतात त्यात."

"मी तुमच्यासाठी सोडलं. तुम्ही खायचंत की."

"खाल्लं असतं," अण्णा म्हणाले. "एकट्याला गिळत नाही."

सुमक्का उठल्या. मला वाटलं आत जाऊन रडतील. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मागल्या रविवारचं कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं आणि केळ्याच्या सालांचं प्रकरण होतं, ज्याला मी शंभरात आठ गुण दिले होते, ते त्यांनी कढईत ओतलं. वरून लसणाची फोडणी दिली, गूळ घातला, लिंबू पिळलं. आणून पितळी ताटात वाढलं आणि मटणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"हे कशासारखंच नाही," म्हणाल्या. "हे मी सोडलेलं नाही. बसा."

अण्णा शर्टाची एक बाही तशीच लोंबत असताना बसले. दोघांनी एका ताटात खाल्लं. सुमक्कांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. अण्णांना ठसका लागला, पाणी प्यायले, डोळे पुसले, आणि फोडणीत मिरची फार झालीय असं मला उगीचच सांगितलं. मी माझी वाटी संपवली. फार छान झालं होतं ते मटण. तसं पुन्हा कधी झालं नाही.

होऊ देत नाहीत. सालं अजून पावणेसातला जातात, आणि रविवारी अकराला वाटीही येते, पण माझी परीक्षा उलटी झालीय. अण्णा समोर स्टुलावर बसतात, घरच्या बनियनवर, आणि मी चावत असताना माझ्या जबड्याकडे बघत राहतात. मागं त्यांच्या घरात सुमक्का पितळी ताट मांडत असतात, त्याचा आवाज इथवर येतो.

"खरं सांगायचं, हं," अण्णा हळू आवाजात म्हणतात. "मटणासारखं नाही ना झालं?"