श्री. ए. मुक यांचा ठावठिकाणा

"मुंबईत गुप्तहेर दोनच. एक मी. दुसरा पोलिसांत आहे, त्याचं नाव आठवत नाही," अशी रघुवीर गुप्ते स्वतःची ओळख करून देत. आडनावातच अर्धा गुप्तहेर आहे, उरलेला आपण स्वकष्टाने मिळवला, हेही सांगत. गिरगावातल्या एका कापडाच्या पेढीत ते जावक कारकून होते. तेवढी एकच गोष्ट ते खरोखर गुप्त ठेवत.

शेजारच्या टेबलावरच्या कालिंदीला हे सगळं तोंडपाठ होतं. पण या खेपेला गुप्तहेराची गरज तिच्यावरच आली होती. पेढीत नवा टेलिप्रिंटर आला होता. गिरगावात हुकूम टाईप केला की रे रोडच्या गोदामात उमटे. रस्त्यात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' दुमदुमत असताना यंत्राने तरी इंग्रजीत का बोलावं, म्हणून तिने हौसेने मराठी हुकूम रोमन अक्षरांत बसवले आणि त्यांची पुस्तिका केली.

आठवड्यात गोदामात गाठींचा डोंगर झाला. प्रत्येक गाठीवर नाव एकच : श्री. ए. मुक. हे गृहस्थ माल न्यायला येईनात. गिऱ्हाइकं मात्र भांडायला नेमाने येत.

"यंत्राला मराठी झेपत नाही, बाई," मॅनेजर म्हणाले. "सोमवारपर्यंत छडा लागला नाही तर पुस्तिका केराच्या टोपलीत, आणि तुम्ही पुन्हा पाकिटं चिकटवायला."

गुप्त्यांनी तपास हाती घेतला. कुणी दिला नव्हता.

"हा ब्रह्मदेशातला लाकडाचा व्यापारी."

"तो कापड कशाला घेईल?" कालिंदी म्हणाली.

"तेच तर संशयास्पद आहे."

दुसऱ्या दिवशी मुक हा मुंबई तोडणाऱ्यांचा हस्तक झाला. मोर्चाला झेंडे मिळू नयेत म्हणून कापड अडवतोय म्हणे.

"गाठी फुलाफुलांच्या चिटाच्या आहेत, गुप्ते."

"म्हणजे शत्रू रसिक आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मुक म्हणजे मूक. मुका. म्हणूनच त्याला बोलताना कुणी ऐकलेलं नाही."

शनिवारी काळा चष्मा लावून ते गोदामात दबा धरून बसले. हमालांनी धरलं. "काय रे, गाठींच्या मागे काय करतोस?" "ए. मुकची वाट बघतोय," गुप्ते बाणेदारपणे म्हणाले. "म्हंजे त्याचाच माणूस तू," म्हणून हमालांनी त्यांना संध्याकाळपर्यंत गाठीवर बसवून ठेवलं. कालिंदी जाऊन ओळख पटवून आली. ओळख दाखवायची तिला लाज वाटत होती, तरी गेली.

रविवारी तपासाला यश यावं म्हणून गुप्त्यांनी भोईवाड्यातल्या आपल्या खोलीत सत्यनारायण घातला, कालिंदीलाही बोलावलं. भटजी मोर्चात अडकले. गुप्ते म्हणाले, त्यात काय आहे, आणि पोथी उघडून स्वतःच संकल्प वाचू लागले : "अमुकगोत्रोत्पन्नः अमुकनामाहं..."

"अहो, अमुक काय म्हणताय?" त्यांच्या पत्नी शैलावहिनी म्हणाल्या. "तिथं आपलं गोत्र, आपलं नाव घालायचं. नाहीतर पुण्य कुणाकडे पाठवायचं हे देवाला कळणार कसं?"

कालिंदीच्या हातातल्या अक्षता सांडल्या. तिच्या पुस्तिकेत उदाहरण होतं : GATHI PATHVA AMUK. गाठी पाठवा अमुक. आणि वर तिनेच ठसठशीत लिहिलं होतं, 'खाली दिले आहे तसेच टाईप करावे.' यंत्रावरच्या पोरांनी बिचाऱ्यांनी तसंच केलं होतं. गोदामातल्या कारकुनाला AMUK कुणी बडा साहेब वाटला, त्याने अदबीने मध्ये टिंब आणि आधी श्री घातला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हसूही आवरेना.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," गुप्ते म्हणाले.

रात्रीतून तिने पुस्तिका पुन्हा टाईप केली. जसंच्या तसं ठेवायचं ते काळ्या फितीने, बदलायचं ते लाल फितीने. मॅनेजरना पटलं. अडलं फक्त एका जागी. "खाली एक खरं उदाहरण हवं," गुप्ते म्हणाले, "आणि छडा लावणाऱ्याचं नाव-पत्ता त्यात असणं हा न्याय आहे." ती नको नको म्हणत असताना मॅनेजरनी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात चिटाच्या गाठींनी भरलेल्या हातगाड्या भोईवाड्यात चाळीखाली येऊन लागल्या. मॅनेजरनी ते उदाहरण तेवढं फाडलं. "यंत्राला मराठी कळते, बाई," ते म्हणाले. "माणसांचं बघा." पुस्तिका राहिली, कालिंदीची खुर्चीही राहिली.

हमालांनी पहिली गाठ जिन्यावरून वर चढवली तेव्हा शैलावहिनी कठड्याशी उभ्या होत्या.

"रघुवीर गुप्ते इथंच ना?"

"इथंच," त्या म्हणाल्या. "पण पूजेला अमुक म्हणत होते, तेच चालू दिलं असतं तर बरं झालं असतं."