बयाबाईंचं इंग्रजी

धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याने 'व्हॅलेंटाइन'ला सोन्याची अंगठी दिली, हे कळल्यापासून संयोगिताने बाळासोशी अबोला धरला होता. साल दोन हजार चार. गडमुडशिंगीत चार म्हशी सांभाळणाऱ्या माणसाला हा सण नवीनच होता. पण जेवणाचं ताट समोर आदळू लागलं, तसा तो शहरात शाहूपुरीतल्या गिफ्टच्या दुकानात गेला. सण सरल्यामुळे प्रेमाचा भाव उतरला होता. तरी घासाघीस करून त्याने एक लाल अस्वल आणलं. पोट दाबलं की ते 'आय लव्ह यू' म्हणायचं. म्हणजे आपल्याला म्हणायला नको, हा खरा फायदा.

पण घरात ट्रॅक्टर येवो नाहीतर टीव्ही, पहिलं हळदकुंकू बाळासोच्या आईच्या हातचं. बयाबाईंनी दारातच अस्वल ताब्यात घेतलं. कपाळाला कुंकू लावलं, मग पोटाला. अस्वल बोललं.

"काय म्हणतंय रं हे?"

आईला काय सांगणार? "रामराम म्हणतंय. इंग्रजीत," बाळासो म्हणाला.

झालं. अस्वल बाहेरच्या सोप्यात टीव्हीवर जाऊन बसलं. बयाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं पोट दाबायला लावू लागल्या. चार दिवसांत ते इंग्रजी त्यांच्याच तोंडी बसलं. म्हैस तपासायला आलेले डॉक्टर ते ऐकून बॅग विसरून गेले. दूध संस्थेचे चेअरमन तर त्या दिसल्या की गल्ली बदलू लागले.

"गावाला वाटून झालं की आमचा नंबर लागंल बघ," असं संयोगिता बाळासोला ऐकू जाईल अशा बेताने म्हशीला सांगायची.

आठव्या दिवशी तिचे वडील पिराजी आले. बयाबाईंनी पदर सारखा केला, हात जोडले.

"आय लव्ह यू, पावणं!"

पिराजींचा चहा धोतरावर सांडला. संयोगिता आत पळाली. शेवटी बाळासोने मान खाली घालून खरा अर्थ सांगितला.

"आगं बाई! डाक्टरला बी म्हटलं की मी!" बयाबाई मटकन खाली बसल्या. मग त्यांचा पारा चढला. "आणि बायकूला एवढं सांगाय इकतचं अस्वल? तुला तोंड न्हाय व्हय? म्हण आत्ता, पावण्यांच्या म्होरं!"

बाळासोने खांबाकडे बघत कसंबसं म्हटलं.

"ऐकू न्हाय आलं," दाराआडून संयोगिताचा आवाज आला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली होती. बाळासोला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्यांदा त्याने दाराकडे बघून खणखणीत म्हटलं.

संध्याकाळी तो सासऱ्यांना एसटीला सोडायला गेला. पिराजी वाटभर ऊस-पाण्याचं बोलत होते. गाडी दिसल्यावर मात्र जवळ सरकले.

"जावईबापू, ते दुकान शाहूपुरीत नेमकं कुठं आलं?"

"आता कशाला, आण्णा?"

"तुमच्या सासूबाईस्नी. माझ्यानं तोंडानं न्हाय व्हायचं."